शनिवारवाडा : लाकडाचे घर आणि विटांचे तोंड

पुण्यास जाणारा बहुतेक प्रत्येक मराठी माणूस शनिवारवाडा पाहून येतो. भव्य दिल्ली दरवाजा, त्याच्या दोन्ही अंगांचे बुरूज, खाली दगडी व वर विटांचा प्रचंड तट, दरवाजावरचा नगारखाना, हे सर्व तो डोळे भरून पाहतो. आत शिरल्यावर मात्र हिरवळ, दगडी जोती आणि कोरडी कारंजी यांपलीकडे त्यास काही आढळत नाही. ‘वाडा कोठे आहे?’ असा प्रश्न मुले विचारतात आणि वडीलधारी मंडळी ‘तो जळाला’ एवढेच सांगून पुढे होतात. हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. जळाले ते काय होते, उरले ते का उरले, आणि एकाच वास्तूचा आतला भाग लाकडाचा व बाहेरचा भाग विटांचा असा का बांधला गेला, याचा उलगडा केल्याखेरीज शनिवारवाडा समजला असे म्हणता येणार नाही. एवढेच नव्हे, तर पुण्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत ज्या ज्या ठिकाणी मराठी मंडळींनी घरे आणि देवळे बांधली, त्यांच्या बांधणीचे रहस्यही या उलगड्यात दडलेले आहे.

वाड्याचा मुहूर्त थोरल्या बाजीरावसाहेबांनी माघ शुद्ध तृतीया, शके १६५१ या दिवशी केला. त्या काळच्या इंग्रजी गणनेप्रमाणे ती तारीख १० जानेवारी १७३० होते आणि वार शनिवार येतो. वास्तुशांत झाली ती २२ जानेवारी १७३२ रोजी, तीही शनिवारीच. वाड्यास नाव मिळाले ते यामुळे, असे परंपरा सांगते. मूळ बांधकामास १६,११० रुपये खर्च आला. पुढच्या पेशव्यांनी जी भर घातली ती पाहता ही रक्कम अगदीच बेताची वाटते. परंतु मुळात हा वाडा एका कर्त्या सरदाराचे राहते घर म्हणूनच उभा राहिला, ही गोष्ट त्या आकड्यावरून ध्यानात येते. सागवान जुन्नरच्या रानांतून आले, दगड चिंचवडच्या खाणींतून आला आणि चुना जेजुरीकडून आला. यांपैकी कोणतीही जिन्नस फार दूरची नाही. आपल्याच मुलखातील माती, दगड, चुना आणि लाकूड यांतून घर उभे करावे हा त्या काळचा रिवाज होता, आणि घराची बांधणी त्या मालाच्या गुणधर्माप्रमाणेच ठरत असे.

आता त्या बांधणीकडे वळू. आजच्या वाचकास घर म्हटले की भिंती आठवतात. भिंतींवर छप्पर टेकते अशी आपली समजूत असते. देशावरच्या जुन्या वाड्यात प्रकार निराळा आहे. तेथे घर उभे राहते ते खांबांवर. प्रथम घडीव दगडाचे जोते बांधावयाचे. त्यावर ठराविक अंतराने दगडी तळखडे बसवावयाचे. प्रत्येक तळखड्यावर एक सागवानी खांब उभा करावयाचा. खांब सरळ जमिनीत पुरत नसत. तळखडा मध्ये आल्यामुळे जमिनीची ओल व वाळवी लाकडापर्यंत सहज पोहोचत नसे. खांबाच्या माथ्यावर दोन्ही अंगांना हात पसरल्यासारखे जे आडवे, नक्षीदार लाकूड असते त्यास ‘हस्त’ म्हणतात. या हस्तांवर तुळई विसावते. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर, आणि त्या थरावर वरच्या मजल्याची जमीन. हेच आपल्या आजोळघरांतून ऐकलेले ‘कडीपाटाचे छत’ होय. लाकूड लाकडास जोडताना लोखंडाचा आश्रय फारसा घेत नसत. एका लाकडास कूस काढावयाची, दुसऱ्यास साल पाडावयाची, एक दुसऱ्यात बसवावयाचे आणि वरून लाकडी खुंटी किंवा पाचर ठोकावयाची, ही सुतारांची रीत होती.

दोन खांबांमधील जागेस ‘खण’ म्हणतात. जुन्या कागदपत्रांत घरांची मोजदाद खणांवर केलेली आढळते. सोपा इतक्या खणांचा, माजघर तितक्या खणांचे, अशी भाषा होती. तीत मोठा अर्थ आहे. घर मोजण्याचे माप भिंत नसून खांबांमधले अंतर आहे, कारण घराचा सांगाडा खांबांचा आहे. खणाची लांबी सागाच्या वाशाच्या ताकदीवर ठरत असल्यामुळे ती फार वाढविता येत नसे. घर मोठे करावयाचे तर खण लांबवावयाचा नाही, खणास खण जोडावयाचा. म्हणूनच आपल्या वाड्यांतील मोठमोठ्या दिवाणखान्यांतही मधून मधून खांबांच्या रांगा लागतात, आणि त्या रांगांमुळेच त्यांस मंडपाची शोभा येते.

मग भिंतीचे काम काय? खांबांमधील खण भरून काढणे, ऊनपावसापासून आणि चोराचिलटांपासून घराचा बचाव करणे, उन्हाळ्यात आत गारवा राखणे, आणि सांगाडा आडवा हलू न देणे. साधारण घरांत ही भिंत पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची असे; संपन्न घरांत भाजलेल्या विटांची. या विटा आजच्या विटांहून पातळ व चपट्या असत आणि चुन्यात बसविलेल्या असत. चुना घाणीत बैलांकरवी मळून घेत, त्यात गूळ, हिरडा यांसारखे पदार्थ मिसळीत आणि तो मुरू देत. भिंत जाड असल्यामुळे तिच्या पोटात कोनाडे, देवळ्या, फडताळे, कधी कधी अरुंद जिनेसुद्धा बसविता येत. असे घर भूकंपाच्या किंवा पाया खचण्याच्या प्रसंगी एकदम कोसळत नाही. सांधे थोडे कुरकुरतात, सांगाडा थोडा कलतो, भिंतीचा एखादा भाग गळून पडतो, पण छप्पर खांबांवर टेकलेले राहते. आपल्याकडे ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ अशी म्हण आहे. त्या म्हणीतही घराचा प्राण लाकडात आहे ही जाणीव सहज उमटलेली आहे.

शनिवारवाड्याचा आतला भाग याच पद्धतीचा होता. चौकामागून चौक, प्रत्येक चौकाभोवती सोपे, वर मजले, अशी त्याची रचना होती. नानासाहेब, माधवराव आणि सवाई माधवराव यांच्या कारकिर्दींत वाडा वाढत गेला. गणपती रंगमहाल, आरसेमहाल यांची वर्णने लेखांतून आलेली आहेत. मेघडंबरी नावाचा अतिउंच भाग होता आणि त्याच्या माथ्यावरून आळंदीचे शिखर दिसे, असे सांगतात. हजारी कारंजे सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे होते आणि त्यास पुष्कळ तोट्या होत्या. कारंज्याचे दगडी कमळ आज पाहावयास मिळते. त्याच्या शेजारचे खांब, हस्त, तुळया आणि नक्षीची छते मात्र मिळत नाहीत. चौकाच्या या योजनेस केवळ ऐश्वर्याचे कारण नव्हते. लाकडी खणाच्या घरास खोली वाढवली की मध्ये उजेड व वारा पोहोचत नाही. म्हणून मधोमध आकाश मोकळे ठेवावे लागते. त्या मोकळ्या आकाशाखाली तुळस आली, कार्यप्रसंगीचा मांडव आला, पंक्ती आल्या. बांधणीची गरज आणि कुलधर्माची गरज यांचे येथे असे बेमालूम लग्न लागले की कोणती आधीची, हे सांगणे अवघड व्हावे.

आता बाहेरचा भाग. तटाचा खालचा भाग दगडी आहे आणि वरचा विटांचा. याविषयी पुण्यात एक आख्यायिका फार प्रसिद्ध आहे. वाडा संपूर्ण दगडी बांधावयाचे योजिले होते. पहिला थर दगडाचा झाल्यावर छत्रपती शाहूमहाराजांकडे तक्रार गेली की दगडी वाडा बांधणे हा राजाचा अधिकार आहे. तेव्हा महाराजांनी दगडाचे काम थांबविले आणि पेशव्यांनी उरलेले काम विटांत पुरे केले. दिल्ली दरवाजाविषयीही अशीच गोष्ट सांगतात. दरवाजाचे तोंड उत्तरेस, म्हणजे दिल्लीच्या दिशेस. ते महाराजांस रुचले नाही, म्हणून ते काम महाराजांच्या हयातीत अपुरे राहिले आणि १७४९ साली त्यांचे देहावसान झाल्यावर नानासाहेबांनी पुरे केले, असे म्हणतात.

या आख्यायिकांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने कसे पाहावे? त्यांतील प्रत्येक शब्द खरा मानण्याचे कारण नाही. भक्कम जोत्यावर दगड आणि त्यावर वीट ही रीत देशावर इतर अनेक वाड्यांत आढळते, आणि तेथे कोणत्याही छत्रपतींची आज्ञा आड आलेली नव्हती. तळाशी दगड असला म्हणजे पावसाचे उडणारे पाणी व जमिनीची ओल भिंतीस बाधत नाही. त्यावर वीट घातली म्हणजे काम लवकर उरकते, ओझे कमी होते आणि खर्च आटोक्यात राहतो. मुठेच्या काठी विटांची माती मुबलक होती. तेव्हा गवंड्याच्या दृष्टीने पाहिले तर दगडावर वीट येणे हे अगदी स्वाभाविक आहे. परंतु आख्यायिका सर्वस्वी टाकाऊही नाही. पेशवे हे छत्रपतींचे सेवक होते, राज्य साताऱ्याचे होते, आणि सेवकाने आपल्या घराच्या दर्शनी भागातही धन्याची मर्यादा ओलांडू नये, ही लोकांची भावना तिच्यात जतन झालेली आहे. पुढे सर्व कारभार पुण्यास एकवटला तरी लोकमानसाने त्या तटाच्या विटांत ती मर्यादा लिहून ठेवली. बांधणीचे कारण गवंडी सांगतो आणि बांधणीचा अर्थ लोक सांगतात. दोन्ही टिपून ठेवणे आणि त्यांची गल्लत होऊ न देणे, हे आपले काम आहे.

या तोंडाची रचना पाहण्यासारखी आहे. तटास नऊ बुरूज आणि पाच दरवाजे आहेत : दिल्ली, मस्तानी अथवा अलीबहादूर, खिडकी, गणेश आणि जांभूळ अथवा नारायण. दिल्ली दरवाजा अंबारीसह हत्ती जाईल एवढा उंच आहे. त्याच्या फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीस लोखंडी अणकुचीदार खिळे बसविलेले आहेत. त्यांची संख्या ७२ आहे. एरवीच्या येण्याजाण्यासाठी एका फळीत लहान दिंडी ठेवलेली आहे, ज्यातून माणसास वाकूनच आत जावे लागते. आत गेल्यावर वाट सरळ नाही. ती वळणे घेते, म्हणजे घुसणाऱ्याचा जोर तेथेच मोडावा. आतील भिंतींवर जुन्या रंगीत चित्रांच्या खुणा आढळतात. तेव्हा बाहेरून किल्ला आणि आतून घर, असे हे दुहेरी रूप होते. वीट व दगड बाहेरच्या जगाशी बोलत होते. लाकूड घरातल्या माणसांशी.

या दोन रूपांची गाठ पडते ती नगारखान्यात. विटांच्या भक्कम तोंडाच्या माथ्यावर लाकडी खांबांचा हा मोकळा सज्जा ठेवलेला आहे. शनिवारवाड्याचा आतला भाग कसा होता याची कल्पना आज करावयाची असेल, तर नगारखान्याचे खांब, त्यांवरचे हस्त आणि कमानी यांकडे पाहावे. तोच घाट, तीच सुतारी, अनेक पटींनी वाढवून, मजल्यावर मजला चढवून मनापुढे उभी करावी. दर्शकांपैकी बहुतेकजण वर चढून पुण्याचा देखावा पाहतात. ज्या खांबास टेकून ते उभे असतात त्या खांबाकडे मात्र क्वचितच कोणी पाहते.

वाड्याच्या अखेरच्या दिवसांची हकीकत सर्वश्रुत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून याच वाड्यात झाला. १७९५ साली सवाई माधवरावांचा अंत येथेच पडून झाला. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, वाड्यास मोठी आग लागली. ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात. आगीचे संकट या वाड्यास नवे नव्हते; पूर्वीही लहानमोठ्या आगी लागून गेल्या होत्या. मात्र पूर्वी आग लागली तर विझविणारे हात होते, आणि जळालेला भाग पुन्हा बांधणारा धनीही होता. १८२८ साली धनी ब्रह्मावर्तास गेलेला होता. आगीने वाडा जाळला हे खरे. पण वाडा पुन्हा उभा राहिला नाही याचे कारण आग नव्हे. लाकडाच्या घरास पिढ्यान् पिढ्या राबता हात लागतो. तो हात निघून गेला की आग, वाळवी किंवा गळती यांपैकी कोणीतरी आपले काम करतेच.

आगीत नेमके काय घडले असावे, हे बांधणीवरून समजते. चौकांच्या मोकळ्या भागांतून वारा वर ओढला जातो. कडीपाट आणि जिने यांतून ज्वाळा मजल्यामागून मजला चढतात. खांब जळाले की तुळया खाली येतात, तुळया आल्या की वरची मातीची जमीन कोसळते, आणि खणांत भरलेल्या भिंतींस आधार न उरल्यामुळे त्याही ढासळतात. बाहेरचा तट मात्र स्वतःच्या भारावर उभा होता. त्यास आतल्या लाकडाचा आधार नको होता. म्हणून तो उरला. ज्या तोंडाने घराचे रक्षण करावयाचे ते राहिले, आणि ज्याचे रक्षण करावयाचे ते घर गेले. पुढे त्या जागेचा निरनिराळ्या सरकारी कामांसाठी उपयोग झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत पुराणवस्तू खात्याने मातीचे ढिगारे उपसून आतली जोती आणि कारंजी उघडी केली, आणि आजचा शनिवारवाडा आपल्या दृष्टीस पडला.

परंतु ही बांधणी शनिवारवाड्याबरोबर संपली नाही. दुसऱ्या बाजीरावांनी बांधविलेला विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमारास पुरा झाला. त्यास सुमारे दोन लाख रुपये लागले. त्याच्या दर्शनी भागावरचा लाकडी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब आजही पुण्याचे भूषण आहेत. १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात ज्या आगी लागल्या त्यांत बुधवारवाडा नष्ट झाला आणि विश्रामबागेचाही काही भाग जळाला. पण येथे दुरुस्ती झाली आणि वाडा राहिला. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा त्याच्या सहा चौकांसह उभा आहे.

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी घराण्यांनी ही योजना आपल्याबरोबर नेली. इंदूरचा होळकरांचा राजवाडा सात मजली. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. मल्हारराव होळकरांच्या काळात १७४७ साली त्याचा आरंभ झाला. १८०१ साली सर्जेराव घाटग्याच्या फौजेने तो जाळला, १९०८ साली पुन्हा आग लागली आणि १९८४ च्या दंगलीत तिसऱ्यांदा तो जळाला. तरी प्रत्येक वेळी त्यास उभे करणारे हात मिळाले. बडोद्यास दिवाण विठ्ठलराव भाऊ तांबेकर यांचा चार मजली वाडा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. त्याच्या भिंतींवरील चित्रांत श्रीकृष्णलीला आणि मराठ्यांच्या लढाया शेजारी शेजारी आहेत. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या लष्करात राजधानी केली तेव्हा तेथे मराठी मंडळींची घरे उठली. तो मुलूख उत्तम दगडाचा, म्हणून तेथील दर्शनी भागावर दगडी नक्षी आली. थोडक्यात, तोंड त्या त्या भूमीचे झाले, पण चौकाभोवतीचा सोपा आणि सोप्यामागचे देवघर हे आपले राहिले.

गोमंतकातील वाचकांस येथे एक फरक जाणवेल. तेथील जुन्या हिंदू घरांस राजांगण असते, त्यात तुळशीवृंदावन असते, भोवती ओसरी असते. म्हणजे योजना सख्ख्या बहिणीसारखी. पण चिऱ्याची किंवा मातीची जाड भिंत तेथे स्वतःच भार उचलते, आणि लाकूड मुख्यतः छपरास, तक्तपोशीस आणि ओसरीच्या खांबांस लागते. कोकणच्या आणि गोमंतकाच्या धो धो पावसात उतरते छप्पर हीच घराची पहिली गरज. देशावर उन्हाळ्याचा गारवा ही पहिली गरज. एकाच संस्कृतीने दोन हवामानांस दिलेली ही दोन उत्तरे आहेत.

हा सर्व विचार केवळ राजवाड्यांपुरता असता तर त्यास आज इतके महत्त्व नसते. पण हीच सुतारी आपल्या देवळांत आहे. पेशवाईतील कितीतरी मंदिरांचा गाभारा दगडाचा, शिखर विटा-चुन्याचे, आणि पुढचा सभामंडप लाकडाचा असा घाट आहे. पुण्याच्या तुळशीबागेत श्रीराममंदिराचे काम १७६१ साली सुरू झाले. तेथील सभामंडप या पद्धतीचे सुंदर उदाहरण आहे. घराचा सोपा आणि देवाचा मंडप एकाच हाताने घडविलेले आहेत. तेच तळखडे, तेच सुरूचे खांब, तेच हस्त, तीच कमान. म्हणून सोप्यात बसून पोथी ऐकणाऱ्या माणसास मंडपात बसून कीर्तन ऐकताना परकेपणा वाटत नसे.

आज अनेक देवस्थानांपुढे जीर्णोद्धाराचा प्रश्न उभा आहे. भाविकांची संख्या वाढली आहे, मंडप अपुरा पडतो, लाकूड जुने झाले आहे, आणि वर्गणी देणाऱ्यास काहीतरी नवे, चकचकीत दिसावे अशी अपेक्षा असते. जुना मंडप उतरवून सिमेंटचा बांधावा हा ठराव एका बैठकीत मंजूर होतो. असा ठराव करण्यापूर्वी बांधणीचे शास्त्र थोडे समजून घेतले तर पुष्कळ नुकसान टळेल.

पहिली गोष्ट अशी की, जुन्या मंडपाचा खांब बहुधा बुंध्याशी कुजलेला असतो. वरचा भाग शंभर-दोनशे वर्षांनंतरही निकोप असतो. कुजका भाग कापून त्याजागी नव्या सागाचा तुकडा योग्य सांध्याने जोडता येतो. त्यासाठी सर्व खांब काढण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट, विटा-चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. चुना ओल शोषतो आणि ती बाहेर सोडतोही. सिमेंट ती आत कोंडते. कोंडलेली ओल वाट काढीत जवळच्या लाकडात शिरते, आणि बाहेरून नवी दिसणारी भिंत आतल्या खांबाचा नाश करते. तैलरंगाचे जाड थर देऊन सागाची नक्षी बुजविणे, किंवा दर्शनी विटांवर रंग फासणे, यांचाही परिणाम असाच होतो. तिसरी गोष्ट, जागा मोकळी व्हावी म्हणून मधला एखादा खांब काढून टाकण्याचा मोह पडतो. भिंत पाडली तर एक खण उघडा पडतो. खांब काढला तर चार खणांचा भार अधांतरी होतो. चौथी गोष्ट छपराची. लाकडी वास्तूचे आयुष्य तिच्या कौलांवर आणि पन्हळींवर अवलंबून असते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळली आणि पन्हळी साफ केल्या, तर मोठ्या जीर्णोद्धाराची वेळ फार उशिरा येते. आणि शेवटची गोष्ट, जी शनिवारवाडा आपल्यास ओरडून सांगतो, ती आगीची. जुन्या तुळईवर खिळे ठोकून नेलेल्या विजेच्या तारा, उत्सवाची रोषणाई, मंडपाच्या कोपऱ्यात रचलेले जुने सामान, यांकडे विश्वस्तांनी समईच्या ज्योतीपेक्षाही अधिक लक्ष द्यावे.

एखादा मंडप खरोखरच वाचविणे शक्य नसेल, तर निदान तो उतरविण्यापूर्वी त्याची मापे घ्यावीत, खणांची संख्या, खांबांचा घाट, सांध्यांची रीत यांची नोंद करावी, छायाचित्रे काढावीत आणि ही सर्व टिपणे देवस्थानच्या दप्तरात ठेवावीत. शनिवारवाड्याच्या आतील भागाची अशी तपशीलवार मापे आपल्या हाती असती, तर आज कल्पनेवर इतका भार टाकावा लागला नसता. त्याचबरोबर, जुने सांधे जाणणारे जे थोडे सुतार अजून गावोगाव काम करीत आहेत, त्यांच्या हाताखाली एखाददुसरा तरुण तयार होईल अशी व्यवस्था देवस्थानांनी करणे अशक्य नाही. एका मूर्तीच्या चांदीच्या मखरास जेवढा खर्च येतो, त्याच्या अल्पांशात हे काम होऊ शकेल.

विटांचे तोंड टिकते. त्यास फारशी सेवा लागत नाही. लाकडाचे घर मात्र सेवेवाचून टिकत नाही. शनिवारवाड्याच्या वाट्यास पहिले आले आणि दुसरे गेले. आपल्या गावचा सभामंडप, आपल्या कुळाचा जुना वाडा यांच्या वाट्यास काय यावे, हे अद्याप आपल्या हाती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी तेथील कौले कोणी चाळली आहेत की नाहीत, एवढी चौकशी प्रत्येक वाचकाने केली तरी या लेखाचे सार्थक होईल.